बर्फाळ निर्जनातील स्नोमोबाईल सफर: वाटाड्या का हवा?

उत्तर ध्रुवापासून सुमारे १,३०० किलोमीटर अंतरावर नॉर्वेच्या अखत्यारीतील स्वालबार्ड हा द्वीपसमूह आहे. तेथील लाँगइयरब्येन या मुख्य गावात जेमतेम अडीच हजार लोक राहतात. गावातील रस्ते थोड्याच अंतरावर संपतात आणि एका वसाहतीला दुसऱ्या वसाहतीशी जोडणारा रस्ताच अस्तित्वात नाही. हिवाळ्यात तेथे प्रवासाचे मुख्य साधन म्हणजे स्नोमोबाईल, अर्थात बर्फावर धावणारी दुचाकीसारखी गाडी.

याच गाड्यांवरून अनेक दिवसांच्या सफरी काढल्या जातात. पर्यटक दिवसभर हिमनद्या आणि गोठलेल्या दऱ्या पार करतात, रात्री एखाद्या जुन्या ठाण्यात किंवा तंबूत मुक्काम करतात आणि सकाळी पुन्हा निघतात. सोबत प्रशिक्षित वाटाड्या असतो. ज्याला मोटार किंवा मोटारसायकल चालविता येते, त्याला ही गाडी तासाभरात जमू शकते. असे असताना वाटाड्याची गरज का भासते, आणि त्याच्याविना दूरवर जाण्यास पर्यटकांना मज्जाव का केला जातो, हे समजून घेण्यासारखे आहे.

गरजेतून जन्मलेले वाहन

स्नोमोबाईल आज मनोरंजनाचे साधन मानली जात असली, तरी तिच्या इतिहासाशी एक दुःखद घटना जोडलेली आहे. कॅनडातील क्वेबेक प्रांतात वालकूर नावाचे गाव आहे. तेथील जोसेफ-आर्मां बोम्बार्डिए हा तरुण यंत्रज्ञ बर्फावर चालणारे वाहन बनविण्याच्या खटपटीत होता. १९३४ च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाखाली गेले होते आणि रुग्णालयात पोहोचविण्याचे कोणतेही साधन हाताशी नव्हते. मुलाचा मृत्यू झाला.

बोम्बार्डिएने प्रयोग सोडले नाहीत. दातेरी चाकावर फिरणाऱ्या रबरी पट्ट्याची रचना त्याने सिद्ध केली आणि १९३७ मध्ये सात जणांना नेणारे बर्फवाहन बाजारात आणले. रुग्ण, टपाल आणि शाळकरी मुले यांची ने-आण अशा वाहनांतून होऊ लागली. पुढे १९५९ मध्ये एक-दोन माणसांपुरती हलकी ‘स्की-डू’ आली आणि आजच्या स्नोमोबाईलचे रूप निश्चित झाले.

दूरच्या प्रवासाची कल्पनाही त्याच सुमारास पुढे आली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील स्नोमोबाईल निर्माते एडगर हेटीन यांनी १९६० मध्ये सहकाऱ्यांसह अलास्काच्या निर्मनुष्य प्रदेशातून बेथेल ते फेअरबँक्स असा सुमारे १,९०० किलोमीटरचा प्रवास केला. हे यंत्र लांब पल्ल्याला टिकते, हे त्यातून लोकांना पटले. त्यानंतरच्या दशकात उत्तर युरोपातील सामी रेनडिअरपालकांनीही कळप राखण्यासाठी ही गाडी स्वीकारली.

यंत्राची रचना

स्नोमोबाईलला चाके नसतात. पुढे दिशा देणाऱ्या दोन पट्ट्या (स्की) असतात आणि मागे रुंद रबरी पट्टा फिरत असतो. वजन मोठ्या पृष्ठभागावर विभागले गेल्याने गाडी भुसभुशीत बर्फात सहसा रुतत नाही. गियर बदलण्याची गरज नसते, अंगठ्याने कळ दाबली की वेग वाढतो. चालकाच्या अंगाला एक दोरी जोडलेली असते. चालक गाडीवरून फेकला गेल्यास ती दोरी निसटते आणि इंजिन बंद पडते.

गाडी चालविणे सोपे आहे, आणि खरी अडचण येथूनच सुरू होते. पायी किंवा स्कीवर निघालेला माणूस थकतो आणि त्यामुळे फार दूर जाण्यापूर्वीच थांबतो. स्नोमोबाईलवर तो तासाभरात तीस-चाळीस किलोमीटर सहज निघून जातो. तेथे इंजिन बंद पडले, तर तेच अंतर त्याला खोल बर्फातून आणि कडाक्याच्या थंडीत पायी तोडावे लागते. तासाभराची वाट अशा वेळी दोन-तीन दिवसांची होऊन बसते.

चार मुख्य धोके

पहिला धोका थंडीचा. हवेचे तापमान उणे २० अंश सेल्सिअस असताना ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी चालविल्यास, वारा नसतानाही उघड्या त्वचेला उणे ३४ अंशांइतकी थंडी जाणवते. अशा स्थितीत बोटे, नाक आणि गाल यांना हिमदंश होण्यास फार वेळ लागत नाही. म्हणूनच सफरीत जाड एकसंध पोशाख, तोंड झाकणारी टोपी, शिरस्त्राण आणि दुहेरी हातमोजे दिले जातात.

दुसरा धोका दृष्टिभ्रमाचा. आकाश ढगाळ झाले की जमीन आणि आभाळ एकाच पांढऱ्या रंगात मिसळते. सावल्या नाहीशा होतात. समोर चढ आहे, उतार आहे की कडा आहे, हे डोळ्यांना कळत नाही.

तिसरा धोका पायाखालचा. हिमनदीवरील खोल भेगा ताज्या बर्फाच्या पातळ थराखाली दडलेल्या असतात. समुद्रावरील बर्फही फसवा असतो. खाऱ्या पाण्याचा बर्फ गोड्या पाण्याच्या बर्फाइतका मजबूत नसतो, आणि भरती-ओहोटी व प्रवाह यांमुळे त्याची जाडी जागोजागी बदलते.

चौथा धोका हिमकड्यांचा. वाऱ्याने साचलेला बर्फ उतारावरून एकाएकी निसटतो. फेब्रुवारी २०२० मध्ये स्वालबार्डमधील फ्रिट्यॉव्ह हिमनदीवर अशाच हिमस्खलनात दोन जर्मन पर्यटकांचा मृत्यू झाला. ते वाटाड्यासोबतच्या सफरीवर होते. वाटाड्या धोका कमी करू शकतो, पण तो नाहीसा करू शकत नाही, हे या दुर्घटनेने दाखवून दिले.

वाटाड्या नेमके काय करतो?

सफरीच्या दिवशी वाटाड्याचे काम पर्यटक उठण्यापूर्वीच सुरू होते. हवामानाचा आणि हिमस्खलनाचा अंदाज पाहून तो त्या दिवसाची वाट ठरवितो. त्याच्या घसरगाडीत जादा इंधन, तंबू, झोपण्याच्या पिशव्या, अन्न, दोर, सुटे भाग आणि प्रथमोपचाराचे साहित्य असते. उपग्रह दूरध्वनी आणि संकटसंदेश पाठविणारे यंत्रही त्याच्याजवळ असते. स्वालबार्डमध्ये त्याच्या पाठीला बंदूक आणि कमरेला प्रकाशगोळे सोडणारे पिस्तूल असते, कारण तेथे ध्रुवीय अस्वल कोठेही भेटू शकते.

प्रवासात तो सर्वांत पुढे राहतो आणि इतरांनी त्याच्याच चाकोरीतून यावे असा दंडक असतो. प्रत्येक जण मागच्याकडे लक्ष ठेवतो. मागचा दिसेनासा झाला तर पुढचा थांबतो आणि अशा रीतीने संपूर्ण रांग थांबते. संशयास्पद उतार एकेकाने पार केला जातो, म्हणजे बर्फ कोसळलाच तर एकच जण सापडेल आणि बाकीचे त्याला शोधू शकतील. गोठलेल्या खाडीवर जाण्यापूर्वी बर्फाला छिद्र पाडून जाडी मोजली जाते.

मात्र त्याचे सर्वांत अवघड काम याहून वेगळे आहे. परत फिरण्याचा निर्णय त्यालाच घ्यावा लागतो. हजारो रुपये मोजून आलेल्या पर्यटकाला ठरलेले ठिकाण गाठायचे असते. हवा बिघडत असताना त्याला ‘नाही’ म्हणणे सोपे नसते. चांगल्या वाटाड्याची परीक्षा याच क्षणी होते.

स्वालबार्डचे नियम

लाँगइयरब्येनहून बॅरेन्ट्सबर्ग या रशियन खाणवसाहतीपर्यंत जाऊन-येऊन सुमारे १२० किलोमीटरचा प्रवास घडतो. १९९८ मध्ये कोळसा उत्पादन थांबल्यानंतर ओस पडलेले पिरामिडेन याहून दूर आहे. पश्चिम किनाऱ्यावरील जुने रेडिओ केंद्र हे मुक्कामाचे आणखी एक ठिकाण. स्वालबार्डमधील नॉर्वेची शेवटची कोळसा खाणही २०२५ मध्ये बंद झाली. त्यामुळे स्थानिकांच्या उपजीविकेत पर्यटन आणि संशोधन यांचे महत्त्व वाढले आहे.

बाहेरून आलेल्या पर्यटकाला स्वतःच्या बळावर स्नोमोबाईल नेण्यासाठी मर्यादित क्षेत्रच खुले आहे. त्यापलीकडे संघटित सफरीतून किंवा स्थानिक रहिवाशाच्या सोबतीने जावे लागते. सफरीच्या आयोजकांना गव्हर्नरच्या कार्यालयाला प्रवासाची पूर्वसूचना द्यावी लागते आणि शोध व बचावाच्या खर्चाचा विमाही उतरवावा लागतो. वसाहतीबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाकडे अस्वलाला पिटाळून लावण्याचे साधन असणे आवश्यक आहे. परंतु अस्वलाचा पाठलाग करणे, त्याला आमिष दाखविणे किंवा त्रास देणे हा गुन्हा आहे. तेथे या प्राण्याला १९७३ पासून संरक्षण आहे.

१ जानेवारी २०२५ पासून हे नियम अधिक कडक झाले. अस्वलापासून किमान ३०० मीटर, तर १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर राखावे लागते. काही ठरावीक खाड्यांत १ मार्चनंतर समुद्रावरील बर्फावरून स्नोमोबाईल नेण्यावर निर्बंध आले आहेत. यामागील कारण स्पष्ट आहे. वसंत ऋतूत सील मादी याच बर्फावर पिलांना जन्म देते आणि अस्वलाची मादी आपल्या पिलांना घेऊन तेथेच शिकारीस येते. पर्यटनाचा ऐन हंगामही नेमका तोच असतो.

यलोस्टोनचा अनुभव

वाटाड्याची अट केवळ सुरक्षिततेसाठी नसते, हे अमेरिकेतील यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या उदाहरणावरून कळते. तेथे १९६३ मध्ये पहिल्या स्नोमोबाईल शिरल्या. तीन-चार दशकांनंतर गर्दीच्या दिवशी हजाराहून अधिक गाड्या उद्यानात येऊ लागल्या. जुन्या दोन-स्ट्रोक इंजिनांच्या धुराने प्रवेशद्वारावरील हवा इतकी दूषित झाली, की २००२ च्या सुमारास तेथील रक्षकांना श्वसनमुखवटे देण्यात आले. गवे आणि एल्क हरणे वाटेवरून पळत सुटत असत.

बंदी घालावी की परवानगी द्यावी, हा वाद न्यायालयांत अनेक वर्षे चालला. अखेर मधला मार्ग निघाला. २००४-०५ च्या हिवाळ्यापासून प्रत्येक पर्यटकाला व्यावसायिक वाटाड्याबरोबर जाणे बंधनकारक झाले, गाड्यांची संख्या मर्यादित झाली आणि कमी धूर व कमी आवाज करणाऱ्या इंजिनांची सक्ती झाली. वन्यप्राण्यांचा पाठलाग आणि वेगमर्यादेचे उल्लंघन त्यामुळे कमी झाले. आता सोडतीत निवडलेल्या लहान गटांना वाटाड्याविना प्रवेश मिळतो, पण प्रत्येक प्रवेशद्वारातून दिवसाला एकाच गटाला.

गोव्याशी असलेले नाते

स्वालबार्ड वाटते तितके भारताला परके नाही. १९२० च्या स्वालबार्ड करारावर स्वाक्षरी करणाऱ्यांत तत्कालीन ब्रिटिशशासित भारताचाही समावेश होता. १ जुलै २००८ रोजी तेथील न्यू ओलेसुन येथे ‘हिमाद्री’ हे भारताचे संशोधन केंद्र सुरू झाले. त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडे आहे. डिसेंबर २०२३ मध्ये भारताची पहिली हिवाळी आर्क्टिक मोहीम तेथे रवाना झाली.

न्यू ओलेसुनमध्ये वसाहतीबाहेर पडणाऱ्या संशोधकालाही अस्वलापासून बचावाचे आणि बंदूक हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. विद्वत्ता कितीही असो, बर्फावर त्याला शिकाऊ माणूसच मानले जाते.

हिमाद्रीलगतच्या काँग्सफ्योर्ड खाडीच्या पाण्यातील बदल भारतीय शास्त्रज्ञ २०१४ पासून पाण्याखालील उपकरणांद्वारे नोंदवीत आहेत. ही खाडी २००६ नंतर बहुतेक हिवाळ्यांत पूर्वीसारखी गोठत नाही. १९७९ नंतर आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. समुद्रावरील जुन्या वाटा त्यामुळे भरवशाच्या राहिलेल्या नाहीत. वाटाड्याला पूर्वजांकडून मिळालेले ज्ञानही दरवर्षी नव्याने तपासून पाहावे लागते.

भारतीय पर्यटकांसाठी

आपल्याकडे काश्मीरमधील गुलमर्ग येथे पर्यटकांना स्नो-स्कूटरवर फेरी मारता येते, पण ती बहुधा थोड्या वेळाची असते. अनेक दिवसांच्या हिवाळी प्रवासाचे जवळचे उदाहरण म्हणजे लडाखमधील गोठलेल्या झंस्कार नदीवरची ‘चादर’ पदयात्रा. महाराष्ट्रातील अनेक गिर्यारोहक ती करतात. तेथेही लेहमध्ये काही दिवस राहून वैद्यकीय तपासणी करून घेणे बंधनकारक आहे, आणि बर्फ धरला आहे की नाही हे स्थानिक झंस्कारी वाटाड्याच सांगतो.

परदेशात अशी सफर ठरविताना किमतीआधी काही गोष्टी विचारून घेणे हिताचे ठरते. वाटाड्याने हिमस्खलन आणि प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतले आहे काय? एका वाटाड्यामागे किती गाड्या असतील? मुक्कामी संपर्काचे साधन कोणते? आपला प्रवास विमा स्नोमोबाईल आणि हवाई बचाव यांना लागू आहे काय? वाहन परवाना तेथे ग्राह्य धरला जाईल काय? आणि हवा बिघडल्यास सफर रद्द करण्याचे धोरण काय आहे?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर विशेष लक्ष देऊन ऐकावे. कोणत्याही परिस्थितीत ठरलेल्या ठिकाणी नेण्याची हमी देणाऱ्या आयोजकापेक्षा, प्रसंगी अर्ध्या वाटेवरून परत आणू असे आधीच सांगणारा आयोजक अधिक विश्वासार्ह समजावा.