चेक हातात, पण खातं नाही : खलाशाला रोख कधी मिळते आणि कुठे अडते?



१ जूनला गोव्यात मासेमारी बंदी लागते. त्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत जेटीवर काय धावपळ असते, ते तुम्हाला सांगायला नको. जाळी उतरवायची, बोटी वर काढायच्या, हिशेब चुकते करायचे आणि झारखंड-ओडिशाच्या खलाशांना मडगावहून गाडीत बसवून द्यायचं.

अशाच एका मे महिन्याच्या शेवटी आमच्याकडून एक चूक झाली. एका बोटमालकाच्या सांगण्यावरून संस्थेनेच त्यांच्या खलाशाचा हिशेब चुकता केला. चेक होता ३८ हजारांचा. सवयीप्रमाणे आमच्या लेखनिकाने डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेषा मारल्या. खलाशाचं कुठेच खातं नाही, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

तो बँकेत गेला, कॅशियरने चेक परत केला. आमच्यातले दोघे तावातावाने गेले. "सही आमची, पैसे आमच्या खात्यात आहेत, मग देत का नाही?" कॅशियर शांतपणे म्हणाला, "रेषा मारल्यात ना तुम्ही." तो बरोबर होता, आम्ही चूक. दुसरा चेक करायला अध्यक्षांची सही मिळेपर्यंत संध्याकाळ झाली आणि पोराची गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी रेषा नसलेला, बेअरर चेक घेऊन तो पुन्हा गेला. या वेळी दुसऱ्या काउंटरवर उत्तर मिळालं, "खातं नसेल तर आम्ही रोख देत नाही." इथे मात्र बँक चूक होती. दोन्ही वेळा पोर रिकाम्या हाताने परत आला, पण दोन्ही नकार सारखे नव्हते. हा फरक प्रत्येक बोटमालकाला माहीत हवा, म्हणून हा लेख.

चेक तीन तऱ्हेचा

आपल्याकडे चेकचा कायदा १८८१ सालचा आहे, परक्राम्य संलेख अधिनियम. नाव जड आहे, पण गोष्ट साधी आहे.

पहिला, बेअरर चेक. नावाच्या ओळीपुढे "या धारक को / OR BEARER" असं छापलेलं असतं, ते खोडलेलं नाही आणि चेकवर रेषा नाहीत. हा चेक जो घेऊन येईल त्याला बँक काउंटरवर रोख देऊ शकते. खातं असलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. बँक मागे सही घेते, ओळखपत्र बघते, ते तिने करावंच. रक्कम ५० हजार किंवा त्याहून जास्त असेल तर खातं नसलेल्या माणसाची ओळख तपासणं रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे. म्हणून खलाशाकडे आधार कार्ड मूळ असू द्या, मोबाइलमधला फोटो नको.

दुसरा, ऑर्डर चेक. "बेअरर" हा शब्द खोडला की पैसे त्या नावाच्या माणसालाच, किंवा त्याने मागे सही करून ज्याला दिला त्याला. रोख मिळते, पण ओळख पटवावी लागते.

तिसरा, क्रॉस चेक. दोन रेषा मारल्या की कलम १२६ प्रमाणे पैसे फक्त बँकेलाच देता येतात, म्हणजे कुणाच्या तरी खात्यातूनच. मॅनेजर कितीही ओळखीचा असो, काउंटरवर रोख नाही. "अकाउंट पेयी" लिहिलं तर ज्याचं नाव त्याच्याच खात्यात. "माझ्या खात्यात टाक, मी तुला रोख देतो" हे तिथे चालत नाही.

बँक अडवते तेव्हा तक्रार कुणाची?

हे बहुतेकांना माहीत नसतं. कलम ३१ सांगतं की खात्यात पुरेसे पैसे असतील आणि चेक नीट असेल, तर बँकेने तो वटवलाच पाहिजे. न वटवल्यास नुकसान भरून द्यायचं ते चेक लिहिणाऱ्याला. म्हणजे बँकेशी भांडायचा हक्क खलाशाचा नाही, आपला आहे, कारण खातं आपलं आहे. त्याला एकट्याला काउंटरवर उभं करून आपण जेटीवर बसलो तर काही होत नाही.

आम्ही त्याच दिवशी संस्थेच्या लेटरहेडवर शाखाधिकाऱ्यांना लेखी पत्र दिलं आणि पोच घेतली. दुपारी पैसे मिळाले. मिळाले नसते तर ३० दिवस वाट बघून रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता आलं असतं, तेही फुकट.

एक लक्षात ठेवा. रोख घ्यायला ज्या शाखेत खातं आहे तिथेच पाठवा. दुसऱ्या शाखेत प्रत्येक बँकेची मर्यादा वेगळी असते.

मग सगळे चेक बेअररच लिहायचे का?

नाही हो! बेअरर चेक म्हणजे जवळजवळ नोटच. बसमध्ये पडला आणि दुसऱ्याने वटवला, तर बँकेने नेकीने, निष्काळजीपणा न करता पैसे दिले असतील तर तिच्यावर काही येत नाही. चेक हरवला की पहिलं काम, बँकेला "स्टॉप पेमेंट" कळवा.

दुसरं, आयकर. धंद्यातल्या खर्चापोटी एका माणसाला एका दिवसात १० हजारांवर रोख किंवा बेअरर चेकने दिले, तर तो खर्च सहसा मंजूर होत नाही. मासळी थेट मच्छीमाराकडून घेतली तर सूट आहे, दलालाकडून घेतली तर नाही. मोठी रक्कम देण्याआधी आपल्या सीएला विचारा.

तिसरं, तारीख. चेक तीन महिनेच चालतो. ३१ मेचा चेक गावी ट्रंकेत ठेवून खलाशी गणपतीनंतर परत आला, तर तो कागदच उरतो.

खरा उपाय हंगामाच्या सुरुवातीला

ऑगस्टमध्ये बोट सोडायच्या आधी खलाशाचं खातं उघडून घ्या. जनधनचं मूळ बचत खातं शून्य शिलकीवर चालतं. आधारवर पत्ता ओडिशाचा असला तरी इथला पत्ता स्वतः लिहून देता येतो. काहीच कागद नसतील तर फोटो आणि बँक अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा यावर "छोटं खातं" उघडतं. पण त्यात शिल्लक ५० हजारांवर जात नाही, वर्षाला १ लाखच जमा होतात आणि महिन्याला १० हजारच काढता येतात. हंगामाचा पूर्ण हिशेब त्यात टाकलात तर पोराचे पैसे अडकतील. म्हणून कागद पूर्ण करून नेहमीचं खातं करून घेणंच बरं.

आता संस्थेच्या कार्यालयात आम्ही एक नियम केलाय. चेकबुक उघडण्याआधी विचारायचं, "खातं आहे का?" आहे म्हणाला तर रेषा, नाही म्हणाला तर बेअरर, आणि बरोबर आपला एक माणूस.

आठ-दहा महिने दर्यावर आपल्यासाठी राबलेल्या माणसाची गाडी आपल्या दोन रेषांपायी चुकू नये, एवढंच. हा लेख तांडेलांना पाठवा आणि खलाशांना वाचून दाखवा.