सारखे धडपडणारे मूल

मिस्सा चालू असता बाकावर क्षणभर न टेकणारे, रांगेत दोघांना धक्का देणारे, घरी पाण्याचा तांब्या हमखास सांडणारे एखादे मूल बहुतेक धर्मग्रामांत असते. ‘द्वाड आहे’, ‘वेंधळा आहे’ असे म्हणून आपण मोकळे होतो आणि बाप छडी शोधू लागतो. आमचे म्हणणे इतकेच, की छडीआधी मूल डॉक्टरांना दाखवावे.

लक्ष न टिकणे, अतिचंचलता, उतावीळपणा अशी लक्षणे लहानपणापासून घरी व शाळेत दोन्हीकडे सहा महिन्यांहून अधिक दिसत असतील आणि त्यांपायी मुलाचे अडत असेल, तर तो एडीएचडी नावाचा विकार असू शकतो. लंडनचे डॉक्टर जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली अशा मुलांचे वर्णन केले होते. तो लाडाने जडत नाही. यांतल्या जवळजवळ निम्म्या मुलांना हातापायांचा मेळही नीट साधत नाही. बटण लागत नाही, चेंडू झेलता येत नाही, अक्षर रेघेवर राहत नाही. हा आळस नव्हे.

मग व्यायामाने हे सुधारेल का? हालचाल सुधारते, पण जे करून घ्यावे तेच सुधारते. अमेरिकेत पूर्वी मुलांना पुन्हा रांगायला लावून मेंदू सुधारण्याची एक पद्धत निघाली होती. तिच्या दाव्यांना आधार नाही, असे तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८२ साली जाहीर केले. तोल सुधारला की लक्ष आपोआप लागेल, असे सांगून कोणी मोठी फी मागितली तर आई-बापांनी हात आखडता घ्यावा.

खरा उपाय साधा व चिकाटीचा आहे. सिकंदराबादेस मनोविकासनगरात १९८४ साली केंद्र सरकारने बौद्धिक दुर्बलता असलेल्या मुलांसाठी राष्ट्रीय संस्था काढली. एडीएचडी म्हणजे बुद्धी कमी असे मुळीच नव्हे; पण या संस्थेने आई-बापांसाठी काढलेल्या पुस्तिकांतली रीत येथेही कामी येते. अंगाच्या मोठ्या हालचाली, बोटांच्या बारीक हालचाली, कपडे घालणे यांवर तिच्या वेगवेगळ्या पुस्तिका आहेत. रीत अशी, की कामाचे लहान तुकडे करायचे आणि एक जमला की दुसरा घ्यायचा.

लंगडीचेच पाहा. पहिले काही दिवस भिंतीला हात लावून एका पायावर नुसते उभे राहावे. मग हात सोडून. मग दोन उड्या, मग पाच, आणि शेवटी गड्यांबरोबर खेळ. तांब्या नेण्याचेही तसेच: आधी अर्धा भरलेला, चार पावले. काय शिकायचे ते मुलानेच निवडावे. आवडीचे असले म्हणजे ते टिकून राहते. चुकले तर ‘कुठे चुकले रे?’ असे त्यालाच विचारावे. रोज पंधरा-वीस मिनिटे पुरेत. आठवड्यातून एकदा दोन तास घेण्यात अर्थ नाही.

धावणे, पोहणे, दोरीवरच्या उड्या यांनी काही वेळ चित्तही थोडे स्थिर होते. अभ्यासाला बसण्यापूर्वी अंगणात दोन फेऱ्या मारू द्याव्यात. मात्र डॉक्टरांनी औषध दिले असेल तर व्यायामाच्या भरवशावर ते बंद करू नये.

वाडीत अशा मुलाला कामाला जरूर घ्यावे. फुले खुडणे, लसूण लावणे, बांधावरून तोल सांभाळत चालणे यांत उत्तम सराव होतो. पण उतावीळ मूल पुढचा विचार न करता झेपावते. कठडा नसलेली विहीर, उघडा कोयता, चालू पंप यांपासून त्याला दूर ठेवावे. फवारणीच्या वेळी तर कोणतेच मूल बागेत नको.

त्या संस्थेचे नाव आता बदलले असून तिचे एक केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. मुलाला बौद्धिक दुर्बलतेचीही अडचण असेल तर तेथे जावे. नुसती चंचलता असेल तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. जाण्यापूर्वी कान-डोळे तपासून घ्यावेत आणि वर्गात मूल कसे वागते ते बाईंकडून चार ओळींत लिहून आणावे. डॉक्टर ते विचारतातच.