मशेरीनं ठणका दबतो, कीड नाही!

रात्री दाढ ठणकली की खेडोपाडी मशेरीचा डबा निघतो. भाजलेल्या तंबाखूची ती पूड लावली की ठणका जरा दबतो, मग वाटतं, गुण आला! पण मंडळी, कीड जागच्या जागीच राहते. वर सवय जडते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. दंतमंजनात तंबाखू घालण्यावर सरकारनं १९९२ सालीच बंदी आणली. घरच्या तव्यावरची मशेरी आपणच थांबवायची.

कीड म्हणजे अळी नव्हे. धुरी देऊन ती पडत नाही. दातांत अडकलेल्या गोड-चिकट अन्नावर जंतू आम्ल तयार करतात, त्यानं दाताचं कवच पोखरतं. खड्डा आतल्या नसेपर्यंत गेला की ठणका सुरू होतो.

दवाखाना गाठेपर्यंत कोमट मिठाच्या पाण्यानं चुळा भरा. लवंग तेलाचा छोटा बोळा दाढेवर धरा, हिरडीला लावू नका. दुखण्याची गोळी हिरडीत दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. गाल सुजला, ताप आला किंवा तोंड उघडेना, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा.

रोज दोनदा, विशेषतः झोपताना, फ्लोराईडच्या पेस्टनं दात घासा. गोड खाल्लं, चहा घेतला की चूळ भरा. दाढेला गार पाणी झोंबू लागलं की लगेच दाखवा. तेव्हा बहुधा खड्डा बुजवून भागतं. ठणक्याची वाट पाहिली, तर दाढच काढायची पाळी येते.