दुखायची थांबलेली दाढ

रोवणीच्या दिवसांत सालेकसा तालुक्यात दाढदुखीकडे बघायला कुणाला फुरसत नसते. बांधीत पाणी साचलेलं असतं, मजूर ठरलेले असतात. लवंग दाबायची, मेडिकलमधून गोळी आणायची आणि वेळ मारून न्यायची. आठ-पंधरा दिवसांत ठणका खरोखरच थांबतो. ‘बरी झाली दाढ’ म्हणून विषय संपतो. रूट कॅनाल, म्हणजे दाताची सुजलेली किंवा मेलेली नस काढून दाढ वाचवण्याचा उपचार, याबद्दलच्या गैरसमजांपैकी सगळ्यात महागात पडणारा गैरसमज मला हाच वाटतो.

आपण जिला दाताची नस म्हणतो, तो रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंचा मऊ गर असतो. कीड तिथवर पोचली की गर सुजतो. पण चारही बाजूंनी कठीण भिंत, फुगायला जागा नाही. त्यामुळे आतला दाब वाढतो आणि दाढ ठणकते. आडवं झालं की डोक्याकडे रक्ताचा दाब थोडा वाढतो, म्हणून हे दुखणं रात्री जास्त छळतं. पुढे गर मरतो. दुखायला काही उरत नाही, म्हणून दाढ गप्प होते. जंतू मात्र मुळाच्या टोकातून जबड्याच्या हाडात उतरत राहतात. कधी हिरडीवर पुटकुळी येते, फुटते, पुन्हा भरते. पुवाला वाट मिळालेली असल्याने ती फारशी दुखतही नाही. लहानपणी मार लागलेला पुढचा दात कित्येक वर्षांनी काळपट दिसू लागतो, तोही असाच आतून मेलेला असू शकतो.

मग रूट कॅनाल लागेल का, हे ओळखायचं कसं? दुखतं किती यापेक्षा कळ टिकते किती, याकडे लक्ष द्यावं. थंड पाण्याने झिणझिणी आली आणि काही सेकंदांत गेली, तर बहुतेकदा साध्या सिमेंट-चांदीवर भागतं. गरम चहाने उठलेली कळ कितीतरी मिनिटं रेंगाळत असेल, काही न खाता-पिता आपोआप सुरू होत असेल, झोपेतून उठवत असेल, तर गर वाचण्याची आशा कमीच. गार पाण्याची गुळणी तोंडात धरल्यावरच बरं वाटणं, ही तर पक्की खूण. चावताना एकच दाढ उंच झाल्यासारखी लागते, तेव्हा सूज मुळाखाली पोचलेली असते. शेवटचा निर्णय मात्र डॉक्टर दातावर ठोकून, थंडाची चाचणी घेऊन आणि एक्स-रे पाहूनच करतात. सर्दीत सायनस भरल्यानेही वरच्या दाढा दुखतात. तिथे दाढेला हात लावायचं कारण नसतं.

आणखी एक गंमत आहे, म्हणजे ज्याचं दुखतं त्याला ती गंमत वाटत नाही. सुजलेल्या गराचं दुखणं जागा चुकवतं. खालची दाढ किडलेली असते आणि माणूस त्याच बाजूच्या वरच्या दाढेवर बोट ठेवतो. ‘हीच काढा’ असा हट्ट धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

‘वरची दाढ काढली की नजर जाते’ ही भीतीही जुनीच. पाहण्याची नस वेगळी, वरच्या दातांना जाणारी नस वेगळी. दातात वळवळणारा किडाही नसतो. फ्रान्सच्या पिएर फोशार या दंतवैद्याने 1728 च्या आपल्या ग्रंथात तेव्हाच त्यावर शंका घेतली होती. किडा काढून दाखवणारे मात्र अजून भेटतात.

गोळ्यांचा कोर्स पुरेसा आहे, हेही खरं नाही. मेलेल्या गरात रक्त पोचत नाही, तर औषध कुठून पोचणार? सूज उतरते, मूळ तसंच राहतं. जबड्याखाली किंवा गालावर सूज, सोबत ताप, गिळायला किंवा तोंड उघडायला त्रास, अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठावा. सूज घशाकडे सरकली तर श्वास कोंडतो.

रूट कॅनालमध्ये ‘नस ओढतात, जीव जातो’ असं ऐकून लोक घाबरतात. भूल देऊनच काम होतं. खूप सुजलेल्या खालच्या दाढेवर ती कधी पुरती चढत नाही, तेव्हा डॉक्टर आणखी देतात. म्हणून तर ठणका टिपेला पोचण्याआधी जाणं शहाणपणाचं. सालेकशाहून आमगावमार्गे गोंदियाला रेल्वे आहे. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे.

तंबाखू-सुपारीचा खर्रा दाबला की दुखणं बधिर होतं, असं सांगणारे आपल्याकडे घरोघरी सापडतील. तंबाखूने कीड थांबत नाही. सुपारीने दात झिजतात, तडकतात. आणि वर्षानुवर्षांच्या खर्ऱ्याने गाल आतून कडक होऊन तोंड उघडेनासं झालं, की मागच्या दाढेपर्यंत अवजारच पोचत नाही. मग वाचवता आली असती ती दाढही हातची जाते.

मुलांच्या बाबतीत घोटाळा वेगळाच. साधारण सहाव्या वर्षी सगळ्यात मागे जी दाढ येते ती कायमची असते, पण तिच्या जागचा कुठलाही दुधाचा दात पडत नसल्याने आईवडील तिलाच दुधाची समजतात आणि ‘पडेलच’ म्हणून किडू देतात. तिच्या मुळांची टोकं बंद व्हायला पुढे तीनेक वर्षं लागतात. तेवढ्या काळात आतला गर जिवंत ठेवता आला तर मूळ पूर्ण वाढतं. म्हणून या दाढेवर काळा ठिपका दिसला की ती दुखायची वाट पाहू नये.