शिसे-संपर्काचे मूल्यमापन, बंदिस्त चांदमारीतील

छपराखालील बंदिस्त चांदमारीत काम करणाऱ्या व्यक्तींच्या शरीरात शिसे किती प्रमाणात व कोणत्या मार्गांनी जात आहे, हे हवा, पृष्ठभाग आणि रक्त यांच्या परीक्षणाने ठरविण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावतात. विद्युत् घटमालांचे कारखाने, शिसे वितळविण्याच्या भट्ट्या इ. ठिकाणची विषबाधा सर्वपरिचित आहे. चांदमारीतील धोक्याकडे मात्र सहज दुर्लक्ष होते. तेथे येणारा नेमबाज तासाभराने निघून जातो. दिवसभर तेथेच वावरणारे प्रशिक्षक, पर्यवेक्षक आणि विशेषतः झाडलोट करणारे कामगार सहसा कोणाच्या विचारात येत नाहीत.

उगम : काडतुसाच्या तळाशी असलेल्या टोपीत आघाताने पेटणारे मिश्रण असते. त्यात बहुधा लेड स्टिफ्नेट, बेरियम नायट्रेट व अँटिमनी सल्फाइड ही संयुगे असतात. चाप ओढताच हे मिश्रण पेटून शिशाचे बाष्प व अतिशय सूक्ष्म कण धुराबरोबर बाहेर पडतात. गोळीचे शिसे उघडे असल्यास तप्त वायूंमुळे तिच्या तळाचे काही शिसे वितळते व उडून जाते, नळीतील घर्षणाने ती झिजते आणि पलीकडच्या पोलादी पट्टीवर आदळताना तिचा चुरा होतो. अशा रीतीने नेमबाजाच्या चेहऱ्यासमोर एक आणि लक्ष्यामागे एक असे शिशाचे दोन उगम निर्माण होतात. गोळीला तांब्याचे वेष्टन दिल्याने हवेतील शिसे घटते, परंतु टोपीतील शिसे शिल्लक राहतेच. १० मी. अंतरावरील हवाई बंदुकीच्या नेमबाजीत छर्रे शिशाचे असले, तरी दारू व टोपी नसल्यामुळे धूर होत नाही. तेथील प्रश्न मुख्यतः छर्रे हाताळून न धुतलेल्या हातांचा असतो.

हवेचे नमुने : यासाठी कामगाराच्या कमरेस एक लहान पंप बांधतात व त्याच्या नळीला जोडलेली ३७ मिमी. व्यासाची गाळणपेटी सदऱ्याच्या गळपट्टीजवळ, म्हणजे नाकापासून सु. ३० सेंमी.च्या आत अडकवितात. पंप मिनिटाला सु. २ लि. हवा ओढतो. गाळणपत्रावर साठलेले शिसे अम्लात विरघळवून आणवीय शोषण वर्णपटमापनाने मोजतात. पेटीच्या आतील भिंतींना चिकटलेले शिसेही हिशेबात धरावे लागते, अन्यथा येणारा आकडा फसवा ठरतो. दालनाच्या कोपऱ्यात ठेवलेल्या स्थिर पंपावरून व्यक्तीच्या श्वासातील शिशाचे अनुमान करणे योग्य नाही.

मोजलेले प्रमाण आठ तासांच्या सरासरीत मांडतात. उदा., एखादा प्रशिक्षक चार तास दर घ. मी. हवेत ९० मायक्रोग्रॅम शिसे असलेल्या जागी उभा राहिला व उरलेले चार तास कार्यालयात शिसेविरहित हवेत बसला, तर त्याची सरासरी ४५ येते. अमेरिकेच्या १९७८ सालच्या व्यावसायिक सुरक्षा मानकात ही मर्यादा ५० आणि उपाययोजना सुरू करण्याची पातळी ३० आहे. म्हणजे हा प्रशिक्षक मर्यादेच्या आत असूनही त्याची नियमित तपासणी आवश्यक ठरू शकते. नमुने कोणत्या दिवशी घेतले यास तितकेच महत्त्व आहे. गर्दी नसलेल्या सकाळी मोजणी करून वर्षभराचा निर्वाळा देणे ही नेहमी आढळणारी चूक होय.

रक्तपरीक्षा : हवेच्या मोजणीत तोंडावाटे गेलेले शिसे येत नाही, त्यासाठी रक्त तपासावे लागते. रक्तातील शिशाचा अर्धायुकाल सु. एक महिना असल्याने हा आकडा मुख्यतः नजीकच्या काळातील संपर्क दर्शवितो. हाडांत साठलेले शिसे मात्र अनेक वर्षे टिकते व हळूहळू रक्तात उतरत राहते. उपर्युक्त मानकानुसार दर डेसिलिटर रक्तात ६० मायक्रोग्रॅम शिसे आढळल्यास, किंवा सरासरी ५० भरल्यास, कामगारास त्या कामावरून हलवितात आणि प्रमाण ४० च्या खाली आल्यावरच परत घेतात. हे आकडे आता फार सैल वाटतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने लष्करी चांदमारीवरील कर्मचाऱ्यांसंबंधी २०१२ मध्ये दिलेल्या अहवालात, ४० हून कमी प्रमाणातही तंत्रिका तंत्र, मूत्रपिंडे, रक्ताभिसरण, रक्तनिर्मिती व प्रजनन यांवर अनिष्ट परिणाम होतात, असा निष्कर्ष काढला. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून हवेतील मर्यादा १० व उपाययोजनेची पातळी २ मायक्रोग्रॅमवर आणली. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या परिशिष्टात दर घ. मी. हवेत ०·१५ मिग्रॅ., म्हणजे १५० मायक्रोग्रॅम, ही मर्यादा दिलेली होती.

वायुवीजन : हवेचा प्रवाह नेमबाजाच्या पाठीमागून लक्ष्याकडे सरळ व संथ वाहावा लागतो. नेमबाजीच्या रेषेवर त्याचा वेग सेकंदास सु. ०·३८ मी. असावा, अशी शिफारस आहे. आत सोडलेल्या हवेपेक्षा बाहेर ओढलेली हवा थोडी अधिक असावी, म्हणजे धूर शेजारच्या खोल्यांत शिरत नाही. वेगमापकाचा आकडा बरोबर असूनही नेमबाजाच्या शरीरापुढे भोवरे उठून धूर त्याच्याच तोंडाकडे परत येऊ शकतो. म्हणून रेषेवर कृत्रिम धूर सोडून त्याची वाट डोळ्यांनी पाहणे हा मूल्यमापनाचा आवश्यक भाग होय. कित्येकदा पंख्याची शक्ती वाढविण्यापेक्षा मागच्या भिंतीवरील हवेचे झरोके बदलल्याने अधिक गुण येतो.

पृष्ठभाग व साफसफाई : मेजे, दारांच्या मुठी, जेवणाची खोली व कर्मचाऱ्यांची पादत्राणे ओल्या फडक्याने पुसून त्या फडक्यातील शिसे मोजतात. या आकड्यावरून रक्तातील प्रमाण सांगता येत नाही, पण धूळ कोठवर पोहोचली आहे ते कळते. ती कपड्यांवरून घरापर्यंत जाते व तेथे लहान मुलांना बाधते. लक्ष्यामागील खड्डा उपसणे, गाळण्या बदलणे व जमीन झाडणे ही कामे अल्पकाळाची असली, तरी त्या वेळी हवेतील शिसे अतिशय वाढू शकते. म्हणून त्यांचे नमुने स्वतंत्रपणे घेतात. कोरड्या केरसुणीने झाडणे निषिद्ध असून अतिसूक्ष्म कण अडविणारी गाळणी बसविलेला निर्वात झाडू किंवा ओले पुसणे वापरतात. हे काम रात्री बाहेरच्या कंत्राटदाराची माणसे करीत असल्यास त्यांची नावे रक्तपरीक्षेच्या यादीत आहेत की नाहीत, हे परीक्षकाने स्वतः पाहावे लागते.