२३ सप्टेंबर : एक तारीख, तीन गोष्टी



फळ्यावर आपण रोज तारीख लिहितो आणि दुसऱ्या दिवशी पुसून टाकतो. पण पुसली तरी ती तारीख पुढच्या वर्षी परत येते. म्हणून एकाच तारखेला वेगवेगळ्या वर्षी घडलेल्या गोष्टी एकाखाली एक लिहिता येतात. मी २३ सप्टेंबर ही तारीख निवडली. कारण या तारखेची पहिली गोष्ट आपल्याच भोकरदन तालुक्यात घडली. दुसरी समुद्रापलीकडे घडली आणि तिसरी आपल्या देशाच्या सीमेवर. तिन्ही गोष्टी सैनिकांच्या आहेत.

तारीख एक असली तरी वार एक नसतो. १८०३ साली त्या दिवशी शुक्रवार होता, १९१८ साली सोमवार आणि १९६५ साली गुरुवार. पहिल्या गोष्टीपासून दुसरीपर्यंत ११५ वर्षे जातात. दुसरीपासून तिसरीपर्यंत ४७ वर्षे. वजाबाकी करून पाहा, बरोबर येते.

पहिली गोष्ट : असई, १८०३

चौथीच्या इतिहासात आपण शिवाजी महाराजांचे धडे शिकतो. ही गोष्ट त्यांच्यानंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी घडली. तेव्हा पुण्याला दुसरे बाजीराव पेशवे होते. त्यांनी १८०२ साली वसईला इंग्रजांच्या कंपनीशी तह केला. तो तह दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांना पसंत पडला नाही. म्हणून युद्ध सुरू झालं.

असई हे गाव दोन नद्यांच्या मधे आहे. एक केळणा आणि दुसरी जुई. या दोन नद्यांच्या मधल्या जमिनीवर शिंद्यांची फौज होती. तिच्यात कवायत शिकलेल्या पलटणी होत्या आणि शंभराच्या आसपास तोफा होत्या. या पलटणींचा हुकूम पोलमन नावाच्या युरोपियन अधिकाऱ्याकडे होता. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली होता. त्याची फौज मराठ्यांच्या फौजेपेक्षा पुष्कळच लहान होती.

आता गंमत ऐका. वेलस्लीला नदी ओलांडायची होती. वाटाड्या म्हणाला, इथं उतार नाही. पण वेलस्लीने पाहिलं की नदीच्या या काठाला एक गाव आहे आणि त्याच्या समोर त्या काठाला दुसरं गाव आहे. त्याने ओळखलं की समोरासमोर दोन गावं आहेत म्हणजे मधे उतार असलाच पाहिजे. आणि तो होता. आपल्याला तर हे कोणी सांगायलाच नको. नदीच्या दोन्ही काठांना गाव असलं की लोक बाजाराला जातात, सोयऱ्याकडं जातात, बैल पाण्यातून नेतात. त्या रोजच्या वाटेने वेलस्लीची फौज पलीकडे आली आणि मराठ्यांच्या बाजूवर चालून गेली.

मग मराठ्यांच्या पलटणींनी आपली रांग फिरवली. भर लढाईच्या वेळी एवढी मोठी रांग फिरवणं सोपं नसतं. आपण कवायतीच्या तासाला डावीकडे वळतो तेव्हा अर्धी मुलं उजवीकडे वळतात! त्यांच्या तोफांनी कंपनीच्या फौजेचं फार नुकसान केलं. गोलंदाज तोफा सोडून पळाले नाहीत. काही जण मेल्यासारखे पडून राहिले आणि शत्रू पुढे गेल्यावर उठून त्यांनी पाठीमागून तोफा डागल्या. तरी शेवटी कंपनी जिंकली. तिने ९८ तोफा घेतल्या. पण तिचे मेलेले व जखमी मिळून दीड हजारांहून जास्त झाले.

हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं.

मला वाटायचं की कंपनीची फौज म्हणजे सगळे गोरे. पण तसं नव्हतं. तिच्यात मद्रासकडचे शिपाई गोऱ्यांपेक्षा जास्त होते. म्हैसूरचे घोडेस्वार होते आणि पेशव्यांचेसुद्धा घोडेस्वार होते. म्हणजे नदीच्या मातीत पडलेली माणसं दोन्ही बाजूंनी बहुतेक आपल्याच देशाची होती. भारतीय सेनेच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर आजही हत्ती आहे, तो याच असईचा हत्ती आहे.

दुसरी गोष्ट : हैफा, १९१८

पहिलं महायुद्ध चालू होतं. तेव्हा आपल्यावर इंग्रजांचं राज्य होतं. म्हणून त्यांच्या युद्धात आपल्या सैनिकांना दूरदूरच्या देशांत जावं लागलं. हैफा हे समुद्रकाठचं बंदर आहे. आज ते इस्राएल देशात आहे. तेव्हा तिथं तुर्कांचं राज्य होतं आणि जर्मन त्यांच्या बाजूने होते.

शहराजवळ कार्मेल नावाचा डोंगर आहे. डोंगरावर तोफा होत्या. खाली किशोन नदी आणि तिच्याकडेची दलदल. मधून शहरात जाणारी वाट. त्या वाटेवर मशीनगन रोखलेल्या होत्या. हल्ला करायला गेले ते जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांचे लान्सर्स. लान्सर्स म्हणजे भालाईत घोडेस्वार. म्हणजे एकीकडे मशीनगन आणि एकीकडे घोडा, भाला व तलवार!

म्हैसूरच्या काही स्वारांनी डोंगर चढून तोफांवर हल्ला केला. जोधपूरचे स्वार खालून दौडत निघाले. नदीकाठच्या चिखलात घोडे रुतू लागले, तेव्हा ते वळले आणि डोंगराच्या बाजूने तसेच पुढे घुसले. त्यांचे पुढारी मेजर दलपतसिंग शेखावत यांना गोळी लागली व ते वीरगतीला गेले. तरी स्वार थांबले नाहीत. त्याच दिवशी त्यांनी शहर घेतलं आणि १,३५० जणांना कैद केलं. आपले आठ जण मेले, ३४ जखमी झाले. साठ घोडेही मेले. घोड्यांना तर कोणाचं युद्ध आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

यानंतर बरोबर सात आठवड्यांनी, ११ नोव्हेंबरला, पहिलं महायुद्ध संपलं. दिल्लीला तीन मूर्ती चौकात तीन सैनिकांचे पुतळे आहेत. ते जोधपूर, म्हैसूर आणि हैदराबाद या तीन संस्थानांच्या लान्सर्सची आठवण म्हणून आहेत. २०१८ साली त्या चौकाचं नाव तीन मूर्ती हैफा चौक केलं. आपला मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानातच होता.

तिसरी गोष्ट : युद्धबंदी, १९६५

आता देश स्वतंत्र झाला होता. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान होते आणि आपल्या महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते. ऑगस्ट महिन्यात पाकिस्तानने काश्मीरमध्ये माणसं घुसवली. पुढे १ सप्टेंबरला पाकिस्तानचे रणगाडे छांब भागात आले. ६ सप्टेंबरला आपल्या सैन्याने लाहोरच्या दिशेने सीमा ओलांडली.

या युद्धात लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनी पराक्रम केला. त्यांचा जन्म मुंबईचा. ते ज्या रेजिमेंटचे प्रमुख होते तिचं नाव पूना हॉर्स. नाव घोड्याचं, पण आता घोड्यांच्या जागी रणगाडे होते. ते जखमी झाले तरी मागे गेले नाहीत, लढत राहिले. १६ सप्टेंबरला ते वीरगतीला गेले. त्यांना परमवीरचक्र मिळालं.

२१ सप्टेंबरच्या रात्री डोगराई गावात आपल्या जाट पलटणीने घनघोर लढाई केली व गाव घेतलं. मग २३ सप्टेंबरला पहाटे साडेतीन वाजता युद्धबंदी झाली. संयुक्त राष्ट्रसंघाने दोन्ही देशांना थांबायला सांगितलं होतं. त्या पहाटे तोफा बंद झाल्या. पुढे १० जानेवारी १९६६ रोजी ताश्कंदला करार झाला आणि त्याच रात्री तिथेच शास्त्रीजींचे निधन झाले.

हिशेब करा. तारापोर साहेब गेल्यावर सात दिवसांनी तोफा थांबल्या. डोगराईत लढताना जे गेले त्यांच्यासाठी तर दीड दिवससुद्धा उरला नव्हता.

तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर

मी तिन्ही गोष्टींना एकच प्रश्न विचारला. सैनिक कोणासाठी लढला? असईला आपला माणूस शिंद्यांसाठी लढला आणि आपलाच माणूस कंपनीसाठीही लढला. हैफाला तो इंग्रजांच्या राज्यासाठी लढला. १९६५ साली तो स्वतःच्या देशासाठी लढला. शौर्य तिन्ही वेळा होतं. पण कोणासाठी लढायचं हे पहिल्या दोन वेळा दुसऱ्यांनीच ठरवलं होतं. स्वातंत्र्य म्हणजे काय हे मला या तारखेवरून कळलं.

आमच्या वर्गात मुलांना विचारलं, कोणती गोष्ट सगळ्यात भारी? पुष्कळ जण म्हणाले, घोड्यांची. काही जण म्हणाले, असईची, कारण ती आपली आहे. तिसरी कोणीच म्हटली नाही. त्यात लढाई नाही, लढाई थांबली एवढंच आहे, असं ते म्हणाले.

माझा मामा फौजेत आहे. तो सध्या सीमेवर आहे. त्याचा फोन आला नाही की आई रात्री उठून बसते. मी तिला तिन्ही गोष्टी वाचून दाखवल्या. ती भाकरी थापता थापता ऐकत होती. ती म्हणाली, "पोरी, मला ती पहाटंची आवडली. त्या दिवशी किती घरी चूल पेटली असंल." मग तिने विचारलं, "अन् त्या तोफावाल्यांची नावं काय होती गं?" मी म्हणाले, ती आमच्या पुस्तकात नाहीत. आई काही बोलली नाही.

म्हणून मला असं वाटतं. दलपतसिंगांचं नाव आपण घेतो, तारापोर साहेबांचं नाव घेतो, ते घ्यायलाच पाहिजे. पण असईच्या गोलंदाजांनाही आपण आठवलं पाहिजे. ते हरले, तरी जागचे हलले नाहीत. आणि तोफा थांबल्या ती पहाटसुद्धा इतिहासातच धरली पाहिजे.

पालकांना विनंती आहे की आपापल्या गावात माजी सैनिक असतील तर आम्हा मुलांना त्यांच्याकडे न्यावं. ते सांगतील ते आम्ही वहीत लिहून घेऊ. असईला जाल तेव्हा नदीचा तो उतारही मुलांना दाखवा.

इतके लिहून लेख पुरा करते.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी