पुरासाठी जुनी बोट घेताना

उल्हास नदीकाठच्या गावांना पुराचे नवल राहिलेले नाही. २६ जुलै २००५ कोण विसरेल? २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, तेव्हा प्रवाशांना काढायला नौदलाच्या आणि एनडीआरएफच्या बोटी आल्या. पण बाहेरची मदत पोचेपर्यंत गुरे दाव्यालाच असतात. म्हणून मोहने येथील काही शेतकऱ्यांनी वर्गणीतून जुनी मोटरबोट घ्यायचे ठरवले आणि पाहायला मलाही नेले.

दोन्ही बोटी सहलीच्या. एक २० फुटी, चकचकीत, डिझेल इंजिन पोटात बसवलेले. दुसरी १४ फुटी फायबरची, रंग उडालेली, मागे २५ हॉर्सपॉवरचे पेट्रोल आउटबोर्ड. "साहेब, घ्यायची तर मोठीच घेऊ," एक काका म्हणाले. मंडळींचेही तेच मन.

पण बोट चालवायची कुठे? बांधावर, कुंपणाच्या तारांवर, गल्लीत. तिथे पाणी कुठे कमरेएवढे, कुठे गुडघाभर. मोठीचा पंखा तळाखाली कायमचा. जलपर्णी गुंडाळली की माणसाला पाण्यात उतरावे लागते. आउटबोर्ड वर उचलून बसल्या जागी साफ होते. शिवाय लहान बोट ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर जाते. भर प्रवाहात मात्र यातली कोणतीच घालू नये.

मग लहान बोट तपासली. आम्ही पोचलो तर इंजिन आधीच गरम! अशा वेळी थांबावे, थंड झाल्यावरच दोरी ओढायला लावावी. थंड इंजिन चटकन उठले तर बरे. इंजिनाचे पाय पिंपातल्या पाण्यात बुडवून चालवले, तेव्हा मागून पाण्याची बारीक धार नीट येत होती, म्हणजे थंडाव्याचा पंप चालू. गिअरचे तेल खालच्या स्क्रूतून काढून बघितले. ते दुधासारखे पांढरे असते तर सील गेले, पाणी आत शिरले असे समजायचे. तेल ठीक निघाले.

इंजिन टांगतात त्या मागच्या फळीवर हातोडीच्या दांड्याने ठोकले, तर एका कोपऱ्यात बद्द आवाज. वरून फायबर शाबूत, आत लाकूड कुजलेले. चालू बोटीत अशी फळी सुटली तर इंजिन पाण्यात. फळी नवी बसवून देईन, असे मालकाने कबूल केले, तेव्हाच बयाणा दिला. उरलेले पैसे फळी पाहून आणि महाराष्ट्र सागरी मंडळाकडील नोंदणीचे कागद हाती आल्यावर.

जॅकेटे अजून घ्यायची आहेत. आणि चालवणाऱ्याने एक लक्षात ठेवावे: पाण्यातल्या माणसाजवळ जाताच इंजिन बंद, पुढचे काम वल्ह्याने.